तिसऱ्यांदा हातात आलेला फॉर्म

आज फोर्टला प्रमोशनचा इंटरव्ह्यू देऊन आले. बँकेत क्लार्क म्हणून 14 वर्षं झाली. याआधी दोनदा फॉर्म हातात घेऊन परत ठेवला, कारण ऑफिसर झालं की बदली आलीच, आणि लेक तेव्हा लहान होती. यंदा सासूबाईच म्हणाल्या, "भर गं, घरचं मी बघते."

अभ्यास सगळा डोंबिवली फास्टमध्ये झाला. चौथी सीट मिळाली तर बसून, नाहीतर दाराजवळ एका हाताने खांब धरून. एनपीएचे, म्हणजे थकलेल्या कर्जाचे, 90 दिवस, ठेवींवरच्या विम्याची मर्यादा 2020 मध्ये 1 लाखाची 5 लाख झाली ते... डब्यातल्या मैत्रिणी मटार सोलता सोलता माझी उजळणी घ्यायच्या. त्यांचे उपकार कसे फेडू?

पॅनेलने विचारलं, "महाराष्ट्राबाहेर पाठवलं तर?" घशाला कोरड पडली. समोरच्या ग्लासाला हात लावला, पण प्यायले नाही. म्हटलं, "जाईन सर." आवाज अजिबात कापला नाही, याचंच मला अप्रूप!

सीएसएमटीला पोचल्यावर पहिला फोन सासूबाईंना केला. इंटरव्ह्यूचं काही विचारलंच नाही त्यांनी. म्हणाल्या, "जेवलीस का?"

आणि त्या गर्दीत मला रडू आलं.