विटक्या कुर्त्याला हिरड्याचा रंग

केळीचा चीक कपड्यावर वाळला की तो डाग जन्माचा. साबण हरतो, ऊनही हरतं. घरच्या रंगाला हाच चिवटपणा हवा असतो. चिकातलं तुरट द्रव्य, टॅनिन, हिरड्यात भरपूर असतं.

विटलेला मूळ रंग मात्र परत येत नाही. आहे त्यावर गडद चढवायचा, म्हणजे उडालेला निळा, खाकी, काळा हे सगळे काळपट राखी होतात, आणि केळीचे डागही त्यातच बुडतात. हळदीचा मोह टाळलेला बरा. चार उन्हांत ती उडते आणि साबण लागला की लाल होते.

कपडा सुतीच हवा. पॉलिएस्टर हिरड्याला दाद देत नाही. शिवणीचा धागा बहुधा त्याचाच असल्यामुळे टीप जुन्या रंगात उठून दिसते. काहींना ते आवडतंही.

200 ग्रॅमचा वाळका कुर्ता धुण्याच्या सोड्यात उकळून खंगाळा. खळ किंवा तेलकटपणा राहिला की तिथे रंग बसत नाही. स्टीलच्या टोपात सहा लिटर कोमट पाण्यात 40 ग्रॅम हिरड्याची पूड कालवून गाळा, ओला कुर्ता त्यात रात्रभर ठेवा. सकाळी पिळा, पण धुऊ नका, सावलीत वाळवा. मग सहा लिटर गार पाण्यात चार ग्रॅम हिराकस, म्हणजे लोहाचा हिरवट क्षार (फेरस सल्फेट), विरघळवा आणि हातमोजे घालून कुर्ता दहा मिनिटं सतत खालीवर करा. पिवळट कापड बघता बघता राखी होतं. हात थांबला की घडीघडीला पट्टे! आणखी गडद हवा तर हिराकस वाढवू नका, जादा लोहाने सूत विरतं. धुऊन पुन्हा हिरड्यापासून सुरुवात करा.

कोकणात खरा घोळ पाण्याचा. विहिरीच्या पाण्यात लोह असलं तर हिरड्याच्या टोपातच कुर्ता ठिकठिकाणी काळवंडतो. त्यापेक्षा कौलांच्या पागोळ्यांचं पाणी धरावं. पहिल्या चार सरी सोडून, आणि गंजक्या पत्र्यावरचं तर नकोच. रंगवायचं मात्र उघडीप बघून, नाहीतर दमट कपड्यावर बुरशी येते.

पहिल्या दोन धुण्यांना कुर्ता वेगळा ठेवा. जेवताना जपा: आंबटाने लोहाचा काळा रंग सुटतो, त्यामुळे सोलकढी सांडली तर तिथे फिका डाग पडतो.