मराठी प्रबंध: मार्कडाउनपासून छापायच्या पानापर्यंत, संदर्भांसकट

मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणाऱ्या मजकूर-फाइलमध्ये) लिहायचा, संदर्भ झोटेरोत (संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) साठवायचे आणि पॅनडॉकने (एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) पीडीएफ काढायची ही पद्धत इंग्रजीत लगेच चालते. मराठीत पहिल्याच फेरीत एकतर एरर येतो, नाहीतर कोरी पानं निघतात. कंटाळून पुन्हा वर्डमध्ये हाताने संदर्भसूची टाइप करणारे बरेच असतात. तसं करू नका. अडचणी मोजक्या आहेत आणि प्रत्येकीवर पक्का उपाय आहे.

आधी फॉन्ट. वेगळं काही सांगितलं नाही तर पॅनडॉक पीडीएफलाटेक हे लाटेक या पान जुळवणाऱ्या प्रणालीचं इंजिन वापरतं आणि ते देवनागरीवर अडतं. पीडीएफचं इंजिन म्हणून झीलाटेक द्या. एरर जाईल, पण मुख्य फॉन्ट सांगितलेला नसेल तर लॅटिन मॉडर्न लागतो. त्यात देवनागरी अक्षरं नाहीत, म्हणून पान कोरं येतं आणि टर्मिनलवर 'मिसिंग कॅरेक्टर'च्या ओळी धावतात. फाइलच्या डोक्यावरच्या माहितीत फॉन्टचं नाव लिहा आणि फॉन्टच्या पर्यायांत लिपी देवनागरी, भाषा मराठी असं दोन्ही द्या. लिपी सांगायची राहिली तर 'कि'ची वेलांटी क-च्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात. भाषा सांगितली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात. तपासायला 'दऱ्याखोऱ्यांतलं शिल्प' एवढे दोन शब्द छापून बघा: वेलांटी, जोडाक्षर, ल, श आणि अर्धा ऱ्य, सगळं एका नजरेत कळतं. 'दऱ्या'चा 'दर्या' झालेला दिसला तर दोष टायपिंगचा आहे, फॉन्टचा नाही. तिथे नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य असाच क्रम हवा.

मजकुरासाठी टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मला सगळ्यात वाचनीय वाटतो. त्यात साधा आणि तिरका असे दोनच प्रकार आहेत, ठळक नाही, त्यामुळे मथळे ठळक येत नाहीत. ठळकसाठी मुक्ता जोडून द्या. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. तसाच चिकटवला तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी मिळते.

संदर्भांचं खरं काम झोटेरोत असतं. बेटर बिबटेक हे प्लगइन टाका, संग्रह निर्यात करताना 'अद्ययावत ठेवा' या पर्यायावर खूण करा, म्हणजे झोटेरोत केलेली दुरुस्ती फाइलमध्ये आपोआप उतरते. प्रत्येक नोंदीची किल्ली (मजकुरात तो संदर्भ ओळखायचं छोटं नाव) रोमन अक्षरांत, आडनाव आणि वर्ष अशी ठेवा आणि ती पिन करा, म्हणजे पक्की करा. पिन केली नाही तर लेखकाचं नाव दुरुस्त करताच किल्ली बदलते आणि मजकुरातले सगळे उल्लेख तुटतात. तुटलेला उल्लेख पीडीएफमध्ये ठळक अक्षरांत, पुढे प्रश्नचिन्ह लागून येतो. छापण्याआधी प्रश्नचिन्ह शोधून पाहायची सवय लावून घ्या.

बिबटेकची (लाटेकच्या संदर्भयादीची) फाइल हाताने भरत असाल तर लेखकांच्या रकान्यात जपा. दोन नावांमध्ये 'आणि' लिहिलं की दोन्ही मिळून एकच लेखक होतो, कारण तिथे फक्त इंग्रजी 'अँड'च दुभाजक म्हणून चालतो. नाव 'आडनाव, वि. का.' असं स्वल्पविरामाने तोडा. संस्थेचं नाव दुहेरी महिरपी कंसांत घाला, नाहीतर 'महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळ'चं आडनाव 'मंडळ' होऊन नोंद म-मध्येच, पण भलत्या जागी जाते. वर्ष इंग्रजी अंकांत आणि इसवी सनातच भरा. जुन्या पुस्तकावर नुसता शके असेल तर त्यात ७८ मिळवा. महिना दिलेला असेल आणि तो जानेवारी ते चैत्रारंभ या काळातला असेल तर ७९. मूळ शके टिपेच्या रकान्यात जपून ठेवा, परीक्षक विचारतात.

मजकुरात उल्लेख चौकोनी कंसात करायचा: ॲट चिन्ह, किल्ली, आणि पानाचा आकडा महिरपी कंसांत. महिरपी कंस घातले की तो आकडा पानाचाच आहे याबद्दल पॅनडॉकला शंका राहत नाही. सूचीत 'अँड', 'एडिटर' असे शब्द आले तर सीएसएल शैलीच्या (सूचीची मांडणी ठरवणाऱ्या) फाइलमध्ये लोकॅल (भाषेनुसार शब्द देणारा) विभाग जोडून 'आणि', 'संपा.', 'पृ.' हे शब्द स्वतः द्या. त्या विभागाला भाषेचं नाव दिलं नाही तर तो सगळ्या भाषांना लागू होतो.

अकारविल्हे मात्र डोळ्यांनी तपासा. युनिकोडच्या साध्या क्रमात क्षीरसागर क-च्या नावांत आणि ज्ञानेश्वर ज-च्या नावांत जातात. मराठीत क्ष आणि ज्ञ शेवटी हवेत. दस्तऐवजाची भाषा मराठी नोंदवा, आणि तरीही त्या दोन जागा बघाच.

सूचीत देवनागरी अंक हवे असतील तर छोटा लुआ फिल्टर (पॅनडॉक चालताना मजकूर बदलणारी स्क्रिप्ट) पुरतो. तो आदेशात साइटप्रॉकच्या (पॅनडॉकच्या संदर्भसूची बनवणाऱ्या भागाच्या) नंतर लिहा; आधी लिहिला तर सूची तयारच झालेली नसते आणि वर्षं तशीच राहतात. डीओआय आणि वेबपत्ते त्यातून वगळा, नाहीतर दुव्याचा छापलेला पत्ता देवनागरी अंकांत जातो आणि तो टाइप करून काही उघडत नाही. मराठी आणि इंग्रजी संदर्भांच्या वेगळ्या याद्या लागत असतील तर बिबलाटेक हे लाटेकचं संदर्भांचं पॅकेज सोपं: प्रत्येक नोंदीला कीवर्ड द्यायचा आणि सूची दोनदा छापायची. पण तो मार्ग फक्त लाटेकचा. मार्गदर्शकांना वर्डची फाइल हवी असेल तर साइटप्रॉकवरच राहा.

वर्डसाठी पॅनडॉककडून नमुना दस्तऐवज काढून घ्या आणि त्यातल्या शैली बदला. त्यातला मजकूर पॅनडॉक वाचत नाही. शैली, समास, पानाचा आकार, शिरोभाग आणि तळभाग अशा मांडणीच्या गोष्टी तेवढ्या उचलतं. वर्डच्या हिशेबी देवनागरी ही 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' आहे. त्यामुळे फॉन्टच्या चौकटीतल्या लॅटिनच्या खणात मुक्ता निवडून, आकार १४ करून काहीच बदलत नाही. फॉन्ट आणि आकार दोन्ही कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या खणात भरावे लागतात, आणि मुख्य मजकूर, मथळे, तळटीप, संदर्भसूची अशा प्रत्येक शैलीसाठी. तळटीप हमखास राहून जाते.