अंजिराच्या मुळांवरच्या गाठी: खरं काम लागवडीआधीच

अंजीर भर दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतं. पानं लहान, फिकट राहतात, फळं पिकण्याआधीच गळतात. मातीत ओल आहे, खतही दिलेलं आहे. अशा वेळी पानांकडे बघत बसू नका, मुळी उकरा. पानांच्या घेराखाली १५ ते ३० सेंटिमीटर खोलीवर बारीक मुळं सापडतात. ती ओढून काढली तर तुटतात आणि नेमका गाठींचा भाग मातीत राहतो. ढेकळासकट उचलून पाण्यात भिजवा, मग हलक्या हातानं धुवा.

या गाठी सूत्रकृमींमुळे येतात, म्हणजे मातीत राहणाऱ्या, धाग्यासारख्या अतिबारीक कृमींमुळे. सूत्रकृमी लागलेली मुळी वेडीवाकडी माळ ओवल्यासारखी दिसते. गाठ नखानं खरवडून निघत नाही, कारण ती वरून चिकटलेली नसते. मुळीच आतून फुगलेली असते. जुनी गाठ ब्लेडनं चिरली तर टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढरा, चकचकीत थेंब दिसतो. ती मादी. (फांदीच्या सालीवरचे उंचवटे पाहून मात्र घाबरू नका. ती मुळं फुटण्याची जागा, अंजिराला ती असतेच.)

अंड्यातून निघालेलं पिल्लू मुळीच्या टोकाजवळून आत शिरतं आणि तिथेच ठाण मांडतं. आसपासच्या पेशी फुगवून त्यांच्यावर जगतं. मादी चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते. माती २५ ते ३० अंश उबदार असली की साधारण महिन्याभरात नवी पिढी तयार होते. हलक्या, वाळूमिश्रित मातीत त्यांचं फावतं. गाठाळलेली मुळी पाणी आणि अन्न नीट वर चढवू शकत नाही. म्हणून पिवळं पडलेल्या झाडाला खताचा डोस वाढवणं ही सगळ्यात नेहमीची चूक: क्षार साचून उरलीसुरली पांढरी मुळी (पाणी-अन्न शोषणारी नवी बारीक मुळं) जळते. दुपारची मरगळ पाहून पाणी तुंबवलं तर मूळकुज वर येते ती वेगळीच.

उभ्या झाडाखालची माती सूत्रकृमींपासून पूर्ण साफ करता येत नाही. म्हणून काळजी घ्यायची ती खड्डा खणण्याआधी. जागेच्या दहा-बारा ठिकाणची माती एकत्र करून कुंडीत भरा आणि टोमॅटोची चार-पाच रोपं लावा. सूत्रकृमी-प्रतिकारक वाण नको, नाहीतर चाचणीच फसेल. पाच-सहा आठवड्यांनी रोपं उपटून मुळं धुवा. गाठी दिसल्या तर तिथे अंजीर लावायची घाई नको, आधी माती उन्हानं तापवून घ्या.

उन्हाळ्याचा ऐन ताव असताना माती भुसभुशीत करून भिजवायची, वर २५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून कडा मातीत गाडायच्या आणि सहा आठवडे हात लावायचा नाही. काळा कागद चालत नाही, तो स्वतः तापतो, माती तितकी तापत नाही. कोरड्या मातीत उष्णता खोल जात नाही, म्हणून आधी भिजवणं सोडू नका. तरीही खोलवरचे कृमी वाचतात आणि हळूहळू वर येतात.

झेंडूनं हे कृमी कमी होतात खरे, पण झाडाभोवती शोभेची चार रोपं लावून काही साधत नाही. अख्ख्या जागेवर दाट, १५ ते २० सेंटिमीटर अंतरानं लावून तीन महिने वाढवावा लागतो. मध्ये तण माजू दिलं तर कृमी त्या तणावर पोसले जातात. ताग (बोरू) घेऊन फुलावर येताना गाडणं हाही चांगला पर्याय आहे.

रोप घेताना पिशवी उलटी करून मुळं पाहा. बुंध्याशी फुटलेले मुळावलेले फुटवे लागलेल्या झाडाचे घेऊच नका; त्याच झाडाच्या फांदीची छाटकलमं नव्या, स्वच्छ माध्यमात रुजवली तर चालतात, कारण हा कृमी मुळांत राहतो, फांदीत नाही. जमीन मुळातच दूषित असेल तर उंबराच्या खुंटावर अंजिराचं कलम करा. उंबराचं मूळ या कृमींना दाद देत नाही, मात्र थंडी त्याला सोसत नाही.

झाड आधीच लागलेलं असेल तर पांढरी मुळी सतत नवी येत राहील एवढं बघायचं. आळ्यात दीड-दोन किलो निंबोळी पेंड वरच्या थरात मिसळा, कुजलेलं शेणखत द्या, वर बोटभर जाड पालापाचोळा पसरा. पाणी थोडं पण वारंवार. पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही बुरशी अंड्यांवर चालते. ती शेणखतात मिसळून ओल्या मातीत द्या, कोरड्या तापलेल्या आळ्यात वाया जाते. मुळं कमी झाल्यामुळे वरचा पसाराही विश्रांतीच्या काळात छाटून हलका करा. आंतरपीक म्हणून वांगी, टोमॅटो, भेंडी, काकडी नकोच.

कुंडीतलं झाड थेट जमिनीवर टेकवू नका, विटांवर ठेवा. तळाच्या छिद्रातून मुळी खाली उतरली की सगळी स्वच्छ माती लावलेली फुकट. मेलेलं झाड काढताना जाड मुळांसोबत गाठाळ बारीक मुळंही वेचून जाळा, खतखड्ड्यात टाकू नका. कुदळ-फावडं दुसऱ्या आळ्यात घालण्याआधी धुऊन उन्हात वाळवा, आणि नवं अंजीर त्याच खड्ड्यात लावू नका.