कोपऱ्यातलं मायनस

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

दुपारी एकला पेपर सुटला, तरी मी अजून त्याच एका गणितात आहे. मेसमध्ये आज कढी होती, ती अर्धी टाकून उठले. रसिकाने विचारलं, काय झालं. काही नाही म्हणाले. आता ती झोपली आहे.

आठ मार्कांचं गणित. लाप्लास ट्रान्सफॉर्म लावून डिफरन्शियल इक्वेशन सोडवायचं. वाय डबल डॅश अधिक चार वाय बरोबर शून्य. सुरुवातीला वाय एक, वाय डॅश, म्हणजे वायचा डेरिव्हेटिव्ह, दोन. अशी मी महिनाभरात पंधरा तरी सोडवली असतील. उत्तर कॉस टू टी प्लस साईन टू टी. माझं आलं कॉस टू टी मायनस साईन टू टी. खाली दुहेरी रेघ मारली आणि निश्चिंतपणे पुढे गेले.

वाय डबल डॅशचा लाप्लास काढताना एस स्क्वेअर वाय येतो, त्यातून एस गुणिले सुरुवातीचा वाय जातो आणि सुरुवातीचा वाय डॅशही जातो. दोन्ही मायनस. हे मला येतं, झोपेतून उठवून विचारलं तरी येतं. आजही पेन टेकवताना डोक्यात मायनसच होतं. मग, उगाच, खात्री करावी म्हणून सोबत नेलेल्या फॉर्म्युल्यांच्या कागदाकडे बघितलं. कागदावर प्लस होतं.

आणि मी कागदाचं ऐकलं.

तेव्हा मनात जे आलं ते मला अक्षरशः आठवतंय. कागद मी खोलीत बसून, शांतपणे, पुस्तक समोर ठेवून लिहिलाय. इथे मी घाबरलेली आहे. म्हणजे कागद बरोबर. किती पटण्यासारखं वाटलं होतं ते! घाबरलेल्या मुलीला जे येतं ते खोटं, असं मीच मला सांगितलं.

कागद उत्तरपत्रिकेला जोडून द्यावा लागला. पण काल रात्री रसिकाने मागितला म्हणून फोटो काढला होता. संध्याकाळी तो मोठा करून बघितला. खालचा उजवा कोपरा. तिथे मी मायनसच लिहिलंय. नीट, आडवी, छोटी रेघ. वरच्या ओळीत कॉन्व्होल्यूशनचा फॉर्म्युला आहे, त्यातल्या इंटिग्रलच्या उभ्या चिन्हाची शेपटी खाली येऊन बरोबर त्या मायनसमधून गेली आहे. झालं प्लस. माझ्या डोक्यात बरोबर होतं, हातानेही बरोबर लिहिलं होतं, आणि तरी आठ मार्क गेले. हे बघून रडूच आलं. चुकीचं पाठ केलं असतं तर निदान रागवायला काहीतरी मिळालं असतं.

तो कॉन्व्होल्यूशनचा फॉर्म्युला तिथे नव्हताच मुळी. तो काल रात्री अकरानंतर आला.

एक ए-फोर कागद न्यायची परवानगी, दोन्ही बाजूंनी लिहिलेला, स्वतःच्या अक्षरात, झेरॉक्स चालणार नाही, हे कळलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. बारावीच्या बोर्डाला लॉग टेबल चालायचं, कॅल्क्युलेटरही नाही. आणि इथे अख्खा कागद! आजोबांना फोनवर सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प झाले. मला वाटलं, आता म्हणणार, मग परीक्षा कसली. ज्यांना निमकी, पावकी, दिडकी अजून तोंडपाठ आहेत, सात दिडके म्हटलं की साडेदहा ज्यांच्या तोंडून आपोआप येतात, त्यांना हे कसं वाटत असेल! पण ते एवढंच म्हणाले, "जे येतं ते लिहू नकोस गं. जे निसटतं ते लिही."

रविवारी मी तसंच केलं. हाफ रेंज फोरियर सीरिजमध्ये बाहेर दोन भागिले एल येतं ते माझ्याकडून सुटतं, म्हणून ते लिहिलं. सेकंड शिफ्टिंगमध्ये एफच्या पोटात टी मायनस ए असतं आणि मी नुसतंच टी लिहून मोकळी होते, ते लिहिलं, त्याला चौकट केली. पार्सेव्हलचा फॉर्म्युला लिहिला. डेरिव्हेटिव्हच्या लाप्लासचा तो मायनसवाला फॉर्म्युला येत होता, तरी राहवेना म्हणून खाली कोपऱ्यात टाकला. एक तृतीयांश कागद रिकामा राहिला आणि तो सुंदर दिसत होता. खरंच दिसत होता.

मग काल रीडिंग रूममध्ये आदित्यचा कागद दिसला. मुंगीएवढं अक्षर, समासातसुद्धा आडवं लिहिलेलं. एवढंसं पांढरं कुठे नाही. माझ्या पोटात गोळा आला. रात्री बसून मी सगळं भरलं. साईन, कॉस, त्यांचे हायपरबोलिक, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, अगदी साईन टू एसुद्धा. साईन टू ए मला अकरावीपासून येतं. ते लिहून झाल्यावर बरं वाटायच्या ऐवजी आणखी काय राहिलं असेल असं वाटत गेलं. जितकं लिहीत गेले तितकं मला येणारं कमी होत गेलं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. स्कॉलरशिपचं तर राहूच दे.

आत्ता हे लिहिता लिहिता ते गणित पुन्हा मांडलं. माझं उत्तर डिफरन्शिएट केलं, टीच्या जागी शून्य घातलं. मायनस दोन आले. प्रश्नात वाय डॅश दोन दिलेला होता. वीस सेकंदांचं काम. तिसरीत भागाकार झाला की आजोबा पाटी परत द्यायचे, "ताळा केलास का?" म्हणायचे. गुणून दाखवल्याशिवाय खेळायला सोडायचे नाहीत. मी ताळा केला नाही. कागद होता ना हातात.

हे कळल्यावर रडू थांबलं, का ते नीट सांगता येत नाही. शेपटीवर काय रागवायचं. तपासणाऱ्या बाईंना किंवा सरांना जोडलेला कागद दिसेलच, बाकी पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत, पद्धतीचे मार्क मिळतात म्हणतात. पाच मिळाले तरी पुष्कळ. चार मिळाले तरी चालतील आता.

गुरुवारी न्यूमरिकल मेथड्स. पुन्हा एक कागद. कोरा काढून ठेवलाय. रुंगे-कुट्टाच्या फॉर्म्युल्यातले चारही के लिहिले, कारण मधल्या दोघांत एच, म्हणजे पायरीची लांबी, अर्धा आणि चौथ्यात पूर्ण, हे माझं हमखास निसटतं. दोन ओळींत बोटभर जागा सोडली आहे. सिम्पसनचा वन-थर्ड नियम येतो मला. चार, दोन, चार, दोन. हात तिकडे दोनदा गेला आणि परत आला. सकाळी बघेन.