अण्णांनी अंगठा देण्याआधी

अण्णांना शुगर जुनीच. पायाला बधिरपणा आलेला, त्यात रानात बाभळीचा काटा मोडला तो त्यांना कळलाच नाही. कळलं तेव्हा तळव्याला जखम झाली होती आणि ती काही केल्या भरेना. कळंबला ड्रेसिंग करून करून थकलो, तेव्हा शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. काही दिवसांनी एक मुलगी फाइल घेऊन खाटेजवळ आली. ‘‘बाबा, जखमेच्या नवीन मलमाचा अभ्यास चालू आहे. सगळं मोफत आहे. इथं अंगठा द्या.’’

अण्णांनी हात पुढे केलासुद्धा. त्यांच्या पिढीत डॉक्टरकडून आलेल्या कागदाला नाही म्हणत नाहीत. मी म्हटलं, थांबा, कागद आधी घरी नेऊन वाचतो. ‘‘सगळेच देतात ताई,’’ ती म्हणाली. तिच्यावर माझा राग नाही, किती माणसं भरायची याचा ताण तिच्यावरही असणार. पण माझ्या वडिलांच्या पायावर नवं औषध लावायचं आणि ते काय आहे हे त्यांना दोन मिनिटंही बसून सांगायचं नाही, हे मला मान्य नव्हतं. कागद घेऊनच आले.

कागद मराठीत होता, पण तो समजायला मला दोन रात्री लागल्या. नीट वाचल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की अण्णांना नवं मलम मिळेलच असं नाही. निम्म्या लोकांना नवं, निम्म्यांना औषध नसलेलं साधं मलम, आणि कोणाला कोणतं हे ना रुग्णाला कळणार ना डॉक्टरला. अण्णा तर घरी सगळ्यांना सांगून मोकळे झाले होते की मोठ्या डॉक्टरनं भारी औषध काढलंय. उपचार आणि संशोधन यांतला हा फरक त्यांना कोणी सांगितलाच नव्हता, आणि अंगठा मात्र मागितला होता.

कागदावर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक होता. २००९ पासून भारतात औषधाच्या प्रत्येक चाचणीची नोंद या सरकारी संकेतस्थळावर आधी करावी लागते आणि ती कोणालाही मोबाईलवर पाहता येते. मी क्रमांक टाकला. चाचणी खरी होती, आमच्या दवाखान्याचं नाव होतं, चाचणीत रुग्णांवर अन्याय होत नाही ना, हे पाहणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरीही होती. अर्धी धाकधूक तिथंच गेली.

गावात मात्र दोन तट पडले. ‘‘प्रयोग करायलेत तुमच्यावर, उंदरावानी,’’ असं एक जण म्हणे, तर दुसरा, ‘‘फुकट हाय तर घ्या की.’’ अशात आईला एक जुनी गोष्ट आठवली. ती तरणी असताना गावातल्या बायांची पिशवीच्या तोंडाची तपासणी झाली होती. तो अभ्यास मी शोधून वाचला. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात तो सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात होत्या. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्या गटात तपासणी नाही, नेहमीची सेवा फक्त. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्यांतली एचपीव्हीची, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी झालेल्या ३४,१२६ बायकांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या ३१,४८८ बायकांत ६४. आयुष्यात एकदा केलेली ही तपासणीसुद्धा जीव वाचवते, हे आपल्या जिल्ह्यातल्या बायांमुळे जगाला कळलं. मला हे वाचताना खरंच अभिमान वाटला.

आईला आकडे सांगितले. तिने पीठ मळता मळता विचारलं, ‘‘मग ज्या गावात तपासलंच न्हाई, तिथल्या बायांचं काय?’’ याच प्रश्नावर देशोदेशीचे तज्ज्ञ पुढे भांडले आहेत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला तो एका दमात सुचला. साध्या माणसांना हे कळत नाही, असं कोणी म्हटलं की मला आता ते सोसत नाही. सांगणारा नीट सांगत नाही, एवढंच असतं बहुतेकदा.

माहितीपत्रकावर शेवटी नैतिकता समितीचा फोन नंबर असतो. तो लावायला मन धजत नव्हतं, दवाखान्याशी वाकडं नको म्हणून. पण लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. २०१९ च्या नियमांनुसार या समितीत किमान सात जण लागतात, त्यांत एक कायदा जाणणारा आणि एक आपल्यासारखा सामान्य माणूसही लागतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. शिवाय वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ समोर हवा आणि त्याचीही सही हवी. ‘‘तुम्ही विचारलंत ते बरं केलंत,’’ असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला धीर आला.

पुढच्या खेपेला ओपीडी संपल्यावर डॉक्टर स्वतः स्टूल ओढून अण्णांसमोर बसले. साक्षीदार म्हणून वॉर्डातल्या ब्रदरला बोलावत होते. मी नको म्हटलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा तयार झाला, परळीकडचा, शाळेत शिक्षक. त्याने अख्खा कागद मोठ्याने वाचला.

अण्णांनी विचारलं, ‘‘ह्या मलमानं पाय वाचंल का?’’

‘‘माहीत नाही, अण्णा. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता? आत्तापर्यंत घातक दिसलेलं नाही, एवढंच सांगू शकतो.’’

अण्णा माझ्याकडे वळले. ‘‘खरं बोलायलाय गं माय ह्यो माणूस.’’

मग प्रश्नांची रीघ लागली. कोणाला कोणतं मलम हे कोण ठरवणार? चिठ्ठ्या टाकल्यासारखं, डॉक्टर म्हणाले, पण टाकणार संगणक. साधं मलम आलं तर? तरी शुगरची औषधं, जखमेची सफाई, ड्रेसिंग आणि पायावरचा भार कमी करणारी चप्पल मिळणारच. मधीच न्हाई म्हणलो तर? ‘‘तरी तुमचं ड्रेसिंग मीच करणार.’’ मलमानं काही बाधलं तर उपचाराचा खर्च रुग्णाने करायचा नाही आणि इजा चाचणीमुळे झाली असेल तर भरपाई मिळते, हेही त्यांनी सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘‘आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?’’ अण्णांनी आपल्या भाषेत सगळं सांगितलं. एक जागा चुकली, ती डॉक्टरांनी पुन्हा समजावली.

आणि मग अण्णा हळूच म्हणाले, ‘‘साहेब, रातच्याला मी त्यावर झाडपाला लावतोय. पोरीला बी सांगितलं न्हाई.’’

मी थक्क झाले. डॉक्टर रागावले नाहीत. अभ्यासात यायचं असेल तर तो बंद करा, म्हणाले, नाहीतर गुण कशाचा आणि अपाय कशाचा हे कळणार कसं? घाईत अंगठा घेतला असता तर झाडपाला चालूच राहिला असता आणि त्या अभ्यासाच्या वहीत एक खोटी नोंद कायमची बसली असती. अण्णा बोलले, कारण आधी त्यांच्याशी कोणी खरं बोललं होतं.

त्या दिवशी अण्णांनी अंगठा दिला नाही. घरी आले, एक रात्र विचार केला, मग दिला. सही झालेल्या कागदाची प्रत मागून घेतली. ती देणं बंधनकारक आहे, तरी मागावी लागली. पुढे एकदा जळजळ झाली तेव्हा अण्णांनी स्वतःहून मला फोन लावायला सांगितलं. एरवी ते अंगावर काढणारे. डॉक्टरांनी बोलावून घेतलं, मलम थोडे दिवस थांबवलं, नोंद केली.

जखम आता बरीच भरलीय. नव्या मलमाने की साध्या, ते अभ्यास संपून गट उघडेपर्यंत कोणालाच कळणार नाही. निकाल लागला की आपल्याला कळवायचं, असं अण्णांनी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलंय. फोन आला नाही तर मी करणार आहे.