गाडी दिसली होती

लग्नात विचारतात, सोसायटीच्या मीटिंगला विचारतात. परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं, "सर, तुम्ही इतकी वर्षं पोरं सांभाळलीत. मस्तीच्या नावाखाली आता ही एकेकाच्या जिवावर उठतात. शाळेनं आणि पोलिसांनी यांना शिक्षा करायची तरी किती कडक?" मी "आ" एवढंच म्हणू शकलो. तर आता सांगतो, तुम्ही विचारलंत म्हणून.

हार्बर लाइनला लागून असलेल्या एका शाळेत मी 29 वर्षं विज्ञान शिकवलं. मैदानाच्या भिंतीपलीकडे रूळ. दर चार-पाच मिनिटांनी लोकल जाणार, फळ्याकडे पाठ करून मी थांबणार, गाडी गेली की पुन्हा बोलणार. होळी जवळ आली की आमच्या पोटात गोळा. आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, माणसं दरवर्षी येऊन मुलांना समजावून जायची, की गाडीवर फुगे मारू नका, पाण्याच्या पिशव्या मारू नका. मुलं एका सुरात "नाही मारणार" म्हणायची. त्यातली काही त्याच संध्याकाळी भिंतीवर चढलेली असायची.

2018 च्या होळीआधीची गोष्ट. दहावीच्या परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत, सगळे त्या गडबडीत. शाळा सुटल्यावर चार मुलं भिंतीवर चढली. तीन नववीतली, एक आठवीतला. गाडीच्या लेडीज डब्यात दाराशी उभ्या असलेल्या एका बाईंच्या डोळ्याखाली फुगा बसला. पुढच्या स्टेशनवर त्यांना उतरवलं, आणि तासाभरात हवालदार शाळेच्या गेटवर.

मी चौकीत पोचलो तेव्हा चौघं बाकावर ओळीनं बसलेली. एकाच्या शर्टाच्या खिशात न फुगवलेल्या फुग्यांचं पाकीट अजून तसंच होतं. त्या बाई डोळ्याला पट्टी बांधून जबाब द्यायला आल्या. वय पन्नाशीचं, खांद्याला डब्याची पिशवी. त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पट्टी धरूनच सगळ्यात मोठ्या मुलाला विचारलं, "मारताना मी दिसले होते का रे तुला?"

तो म्हणाला, "नाही. गाडी दिसली होती."

खोटं बोलत नव्हता तो. भिंतीवरून गाडीच दिसते. त्याच गाडीतून त्याचा बाप रोज कामाला जातो, ही माहिती त्याच्या डोक्यात होती, पण त्या क्षणी ती दुसऱ्याच कुठल्यातरी कप्प्यात होती.

आता कायदा. गाडीवर वस्तू फेकून प्रवाशाचा जीव धोक्यात घातला, तर 1989 च्या रेल्वे कायद्याच्या कलम 152 खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे वाक्य पोलीस मुलांना ऐकवतात, आणि मुलांचे चेहरे पांढरे पडतात. पण 18 वर्षांखालच्या मुलाला ती शिक्षा या प्रकरणात होत नाही. त्याला 2015 चा बाल न्याय कायदा लागू होतो. त्याला कोठडीत टाकता येत नाही, ताब्यात घेतलं तर 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन लावू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, आईबापाकडून दंड घेऊ शकतं, आणि फार तर तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. म्हणजे जी शिक्षा होणार नाही तिची धमकी आपण देतो. पोरं हुशार असतात. दुसऱ्या वर्षी त्यांना हे कळलेलं असतं.

इथे हमखास कुणीतरी कल्याणीनगर काढतं. 2024 च्या मे महिन्यात पुण्यात सतरा वर्षांच्या मुलानं भरधाव गाडीनं दोघांना चिरडलं आणि जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध आला, तेव्हापासून बाल न्याय म्हटलं की लोकांना निबंधच आठवतो. राग मलाही आला होता. पण ती मस्ती नव्हे, आणि त्या एका प्रकरणाच्या रागाचं माप भिंतीवरच्या चार पोरांच्या पाठीवर काढायचं, हे मला पटत नाही.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, पोरं आहेत, पोलीस कशाला? त्यांनाही माझं नाही पटत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडच्या राजनांदगावातल्या एका सतरा वर्षांच्या मुलानं, पैशावरून बिनसलेल्या ओळखीच्याला अडकवायला त्याच्या नावानं विमानांत बॉम्ब असल्याची धमकी टाकली. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं विमान दिल्लीला उतरवावं लागलं. हे वर्गात अंगठे धरून उभं करण्याचं प्रकरण आहे का? तिथे पोलीस हवेतच. आमच्या बाईंच्या डोळ्यालाही पोलीस हवेच होते. फक्त दम द्यायला नकोत. नोंद करायला, जखमी माणसाचं म्हणणं लिहून घ्यायला हवेत. एरवी शाळा काय करते, तर आपलं नाव पेपरात येऊ नये म्हणून प्रकरण गुंडाळते.

आमच्या शाळेनं गुंडाळलं नाही, वेगळंच केलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, दुसऱ्या दिवशी चौघांचे दाखले काढायला सांगितले. तेव्हा कळलं, की आठवीतल्याला काढताच येत नाही. शिक्षण हक्क कायदा आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. उरले नववीचे तिघं. दोघांचे वडील आले, एक तर नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन. हात जोडले, हमीपत्र लिहून दिलं, पोरं राहिली. तिसऱ्याची आई चार घरी धुणीभांडी करायची. तिला यायला दोन दिवस लागले. तोवर दाखला तयार होता.

गुन्हा एक, भिंत एक. फुगा कुणाचा लागला हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि शिक्षा कुणाला किती, हे कुणाच्या घरी सुट्टी मिळते त्यावर ठरलं. मी स्टाफरूममध्ये बोललो, पण हळू बोललो. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तो मुलगा पुढे दुसऱ्या कुठल्या शाळेत गेलाच नाही. चौकीत बाईंना उत्तर देणारा तोच.

म्हणून "किती कडक" असं विचारलंत की मी विचारतो, कधी आणि कुणासमोर? दाखला देणं हा कडकपणा नाही, ती सुटका आहे, शाळेची. छडी तर कायद्यानंच बंद आहे, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या वर्षांत मी ती भरपूर वापरली. फुगे एकानंही कमी झाले नाहीत. चौकीतल्या त्या एका प्रश्नानं चौघांच्या माना खाली गेल्या होत्या, त्या माझ्या छडीनं कधी गेल्या नव्हत्या.

उरलेल्या तिघांची शिक्षा मी मागून घेतली. मोठ्या बाई म्हणाल्या, घ्या, तुमची जबाबदारी. औषधाचा खर्च तीन घरांनी हप्त्यानं भरला, पोरं स्वतः जाऊन देऊन आली. त्या जखमी बाईंनी पहिल्या खेपेला दार अर्धंच उघडलं. दुसऱ्या खेपेला पाणी विचारलं.

मग वर्गात फळ्यावर गणित घातलं. 200 ग्रॅमचा फुगा, गाडीचा वेग ताशी 72 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 20 मीटर. गतिज ऊर्जा काढा. अर्धा एम व्ही वर्ग, आलं 40 ज्यूल. आता 160 ग्रॅमचा लेदरचा बॉल तेवढ्याच ऊर्जेनं यायला किती वेग हवा? मागच्या बाकावरून उत्तर आलं, जवळजवळ ऐंशी. "ताशी ऐंशीचा बॉल, हेल्मेट नाही, आणि तो येतोय हे माहीतही नाही," मी म्हटलं. वर्ग क्रिकेटवाला होता, त्यामुळे पुढे काही सांगावं लागलं नाही.

आणि एका शनिवारी, अर्धा दिवस शाळा सुटल्यावर, पालकांच्या सह्या घेऊन तिघांना लोकलनं नेलं. दोन स्टेशनं जायचं, दोन यायचं. खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश होती, भेळेवरून भांडत होती. परतताना आमच्या मैदानाची भिंत आली. वर कुणी नव्हतं, वाळत घातलेली एक सतरंजी तेवढी होती.

तिघांनीही मान मागे घेतली. मी काही म्हटलं नव्हतं.