चर्चचा आपत्ती आराखडा करताना: माझा अनुभव

आमचे धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका चर्चचा भाविकसमुदाय) वसईतले. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्यात होते, वीज गेलेली होती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून आमच्याच पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले. तरीही आमचा पहिला आराखडा कुठल्याही इमारतीला चालेल असाच होता. तो हातात घेऊन आवारात फिरलो तेव्हा लक्षात आले की यात दारे, किल्ल्या आणि मेन स्विच यांचा पत्ताच नाही. म्हणून पॅरिश कौन्सिलने मोजपट्टी घेऊन पुन्हा सुरुवात केली.

आधी दारे. सपाट जागी एक मीटर रुंदीच्या दारातून मिनिटाला साधारण ८० माणसे ढकलाढकली न होता बाहेर पडतात. रविवारच्या मोठ्या मिस्साला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) ६०० जण धरा. मुख्य दार १.८ मीटरचे, पण एरवी त्याची एकच झडप उघडी आणि दुसरीला वरून कडी. म्हणजे मिनिटाला ७२, सगळे बाहेर पडायला आठ मिनिटांच्या वर. दोन्ही झडपा आणि बाजूची एकेक मीटरची दोन दारे उघडली तर तेच काम दोन मिनिटांत. खर्च काहीच नाही. मात्र बाजूच्या दारांना मिस्साच्या वेळी कुलूप नको आणि त्यांच्यासमोर दुचाकी लावायची नाही. माणूस ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे धावतो, म्हणून प्रत्येक दाराशी एक स्वयंसेवक हवा. त्याने हात वर करून "इकडून या" असे ओरडले पाहिजे. लाऊडस्पीकरवर भिस्त ठेवू नका, कारण आग लागल्यावर पहिल्यांदा वीजच तोडायची असते.

मग इशारा कशाने द्यायचा? घंटेने. वीज नसली, मोबाईलचे टॉवर बंद पडले तरी ती वाजते. पण इथे आमची एक चूक होता होता राहिली. तीन टोले, थांबा, पुन्हा तीन टोले असे ठरवत होतो. तीन-तीन टोले तर देवदूताच्या वंदनेचे, म्हणजे रोज सकाळ-दुपार-संध्याकाळच्या प्रार्थनेचे! लोक जागीच उभे राहून प्रार्थना म्हणू लागले असते. संथ एकेरी टोले मयताचे, तेही बाद. शेवटी न थांबता भराभर एक मिनिट, एवढीच एक खूण ठेवली. भूकंपात मात्र घंटा वाजवायची नाही, मनोऱ्याखाली कुणी जायचे नाही. धक्का चालू असेपर्यंत बाकाखाली डोके झाकून बसायचे, कारण जीव घेतात ती वरून पडणारी कौले आणि झुंबरे. हादरा थांबला की बाहेर.

आगीची कारणे शोधताना सगळ्यांचे बोट मेणबत्त्यांकडे गेले. मला धूपदानातले निखारे जास्त घातक वाटतात. मिस्सा संपल्यावर वरून राख दिसते, आत निखारा तासभर धुमसत असतो आणि सॅक्रिस्टीतल्या (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीतल्या) कचऱ्याच्या डब्यात कागद असतात. आता तिथे वाळूची लोखंडी बादली आहे, निखारे त्यातच. नाताळच्या गोठ्यातला पेंढा आणि दिव्यांच्या माळा यांत हातभर अंतर ठेवतो आणि एका एक्स्टेंशन बोर्डावर दुसरा लावत नाही. ६ किलोची एबीसी पावडरची (कागद-लाकूड, तेल आणि गॅस या तिन्ही आगींना चालणारी) अग्निशामके दाराशी टांगली. वेदीमागे ठेवली तर आग ओलांडून आणायला जावे लागते.

पुरासाठी भिंतीवर जुन्या पाण्याची रेघ रंगवली आणि मेन बोर्ड तिच्या वर नेला. सोबत ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. जनरेटर कायम बाहेर, खिडक्यांपासून लांब, कारण त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) नसेल तर जनरेटर लावूच नका, आपली वीज उलटी लाईनवर जाते आणि खांबावरच्या वायरमनचा जीव जातो.

बाप्तिस्मा, लग्न, मरण यांच्या नोंदवह्यांचा विषय मनाला लागणारा होता. कपाट जमिनीवरून उचलले, सगळी पाने ३०० डीपीआयवर स्कॅन करून एक प्रत आवाराबाहेर ठेवली. वही भिजलीच तर पाने सुटी करायला जाऊ नका, फाटतात. मिटलेली वही स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा, मेणकागदात गुंडाळा आणि ४८ तासांच्या आत गोठवा. त्यानंतर बुरशी धरते. आमच्या किनाऱ्यावर मासळीची शीतगृहे आहेत, त्यांतल्या एकाशी आधीच बोलून ठेवले. फाउंटन पेनची शाई पसरते, म्हणून नव्या नोंदी बॉलपेननेच.

घरोघरच्या आजारी माणसांची यादी नव्याने करायची गरज नव्हती. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) नेणाऱ्यांकडे ती असतेच. कोण अंथरुणाला खिळलेले, कोण ऑक्सिजनवर, कोण एकटे. तिच्यात जवळच्या दोन शेजाऱ्यांची नावे जोडली, एवढेच. धर्मग्रामातली सगळ्यात उपयोगी यादी हीच, माझ्या मते.

हॉलमध्ये दोनशे लोक झोपतील असे सगळे धरून चालले होते. निवाऱ्यासाठी माणशी ३.५ चौरस मीटर जागा धरतात. १८ बाय १० मीटरच्या हॉलमध्ये ५१ जण बसतात. वीस माणसांमागे एक शौचालय म्हणजे तीन. माणशी रोज १५ लिटर म्हणजे ७६५ लिटर पाणी. विहिरीचे पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळायचे, मग हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, आणि निदान अर्धा तास थांबायचे. पावडर उघडी राहिली की तिचा जोर जातो. गेल्या वर्षीचा डबा भरवशाचा नाही.

सरावाच्या दिवशी वाद झाला तो पवित्र साक्रामेंताचा, म्हणजे चर्चमध्ये जपून ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादाचा. आधी कोण ते बाहेर नेणार? माणसे आधी, असे फादरांनी तिथेच सांगितले. साक्रामेंत न्यायचे ते शेवटचा भाविक दाराबाहेर गेल्यावर, वाट मोकळी असेल तरच.

आता सॅक्रिस्टीच्या दारावर एकच पान आहे. घंटा कोण वाजवणार, मेन स्विच कोण पाडणार, कुठल्या दाराशी कोण, प्रत्येक कामाला दोन नावे. खाली आणीबाणीचा ११२, अग्निशमन दलाचा १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. नव्या किल्ल्यांचा एक जुडगा कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांकडे असतो. मेच्या शेवटच्या रविवारी, पावसाच्या आधी, मिस्सानंतर पुन्हा सराव आहे. त्या दिवशी मुख्य दाराची वरची कडी आधी तेल घालून ठेवायची आहे, गेल्या वेळी ती हातोडीने काढावी लागली.